बुधरामभाऊचा आवाज

लोकं मले विचारतात, "टेकचंदभाऊ, चार-चार हजार लोकायसमोर उभं राहाले तुमाले भेव नाही लागत का?"

मी मिशीवरून हात फिरवतो अन् सांगतो, "भेव? भेव मी चपलेसोबत खाली काढून ठेवतो." लोकं खूश होतात, चहा पाजतात. मीही तो चहा पितो. पण खोटं आहे ते, साफ खोटं. तीस वर्षं झाली मले झाडीपट्टीच्या नाटकात काम करून. तिसरी घंटा झाली का आजही माया तोंडातली थुंकी आटते, अन् पेंडालामागं दोनदा जाऊन आलो तरी तिसऱ्यांदा जावं वाटते. बायको हासते माही. म्हणते, "एवढा भेव लागते तं घरी बसा नं, धानाची राखण करा." तिले काय सांगू? भेवाची सवय लागली, बाप्पा. दारू सोडता येते, हे नाही सुटत.

पण यावर्षीचा भेव निराळा होता. तोच सांगतो.

आधी आमचं काम कसं चालते ते ऐका, नाहीतं तुमाले काही समजणार नाही. आमच्याकडं तालीम नसते. शहरातल्या नाटकवाल्यायले हे सांगतलं तं ते तोंडाकडं पाहात राहतात. दिवाळी झाली का गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, मंग शंकरपट, म्हणजे बैलायच्या शर्यती, मंग होळीपर्यंत रोज नवं गाव. नट सांजेले गाडीतून उतरते, विचारते, "आज कोणतं नाटक आहे बे?" तोंडाले रंग लावते अन् उभा राहते. पाठ कराले टाइम कोणाजवळ आहे? सारं प्रॉम्टरवर. तो विंगेत स्टुलावर बसते, मांडीवर पुस्तक, बाजूले एक बारीक बल्ब. पहिल्या वाक्यापासून शेवटल्या पडद्यापर्यंत सारं नाटक तो सांगते. त्याच्या कुजबुजीतून आम्ही घेतो अन् लोकायले देतो. कानातून शिरलं, तोंडातून निघालं. मधात काही उरत नाही.

अन् प्रॉम्टर म्हणजे बुधरामभाऊ. तलावात मासे धरणाऱ्या घरचा माणूस, शिकलेला सातवी. पण आवाज असा का वरच्या माइकले कळे नाही अन् माया कानात साफ पोचे. नुसतं वाक्य नाही देत ते. रडाचं असन तं रडका देत, थांबाचं असन तं थांबत. मले कधी विचारच करा लागला नाही. सव्वीस वर्षं तो आवाज माया उजव्या अंगाले होता.

माया नावाचं एक भाषण आहे. तुम्ही भंडाऱ्याकडचे असाल तं ऐकलंच असन. ‘बंद दाराआड बाप’ नावाचं नाटक. मी त्यात दादासाहेब. पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून दादासाहेब तिले घरातून हाकलते. शेवटल्या अंकात पोरगी बिमार होऊन माहेरी येते, आपल्या जुन्या खोलीत शिरते, आतून कडी लावते अन् मरते. दादासाहेब बाहेर. त्याले माहीत नाही का ती गेली. सारं नाटक तो माणूस पुस्तकातलं शुद्ध बोलते, अन् त्या दारापाशी एकदम आपल्या घरच्या बोलीत बोलाले लागते. तिथं लोकायचा जीव जाते. तुमसरच्या धान बाजारात हमालानं पोतं पाठीवर असताना मले पाहून म्हटलं आहे, "पोरी, मले भेव लागते वं!" जवाहरनगरच्या क्वार्टरातली एक बाई भर लग्नात माया पाया पडली. म्हणे, माहा बाप असाच होता.

अन् ते भाषण मले पाठ नव्हतं. देवाशपथ सांगतो. आठ वर्षं, दोनशे तरी खेळ, रोज बुधरामभाऊ देत अन् रोज मी बोलत होतो. खाली उतरलो का गायब. कोणी म्हटलं, "बोलून दाखवा नं, भाऊ," का मी गळ्याले हात लावून म्हणो, "आज आवाज बसला." लोकायच्या मोबाइलात माहे व्हिडिओ असतात. मी एकही पाहिला नाही. आपलंच तोंड पाहाले मले भेव लागते, अन् वाटे, त्या तोंडात माहं असं काहीच दिसलं नाही तं?

मागल्या साली शंकरपटाच्या नाटकाची गोष्ट. दुसरा अंक झाला होता, कामिनीनं आम्हाले चहा आणून देला. कामिनी म्हणजे नाटकात पोरगी होते ती. बुधरामभाऊले मामा म्हणते. चहा देऊन ती गेली अन् मी बुधरामभाऊले म्हटलो, "भाऊ, ते वकिलाचं वाक्य कसं आहे? मधात माहा घोटाळा झाला." त्यायनं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, अन् वाक्य सांगतलं. बरोबर सांगतलं. पण पुस्तक उलटं होतं.

मी म्हटलो, "भाऊ, पुस्तक उलटं आहे."

त्यायच्या हातातला चहा मांडीवर सांडला.

काचबिंदू. तीन वर्षं झाली होती. आता म्हणे फक्त उजेड आहे का अंधार, एवढंच समजते. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं साफ सांगतलं होतं का गेलेली नजर वापस येत नाही. अकरा नाटकं त्यायनं डोक्यात भरली होती, साऱ्या पात्रांची वाक्यं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पानं उगाच पलटवत. बल्बही उगाच.

"कोनाले सांगू नको, टेकचंद," ते म्हणाले. "घरी मले आता कोनी काही विचारत नाही. इथं विचारतात."

मी पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतलो. खरंच घेतलो, अन् मनापासून घेतलो. पण त्याच राती तिसऱ्या अंकात उभा होतो अन् एकदम ध्यानात आलं का माया अन् लोकायच्या मधात आता पुस्तकच नाही. आहे ते फक्त अडुसष्ट वर्षाच्या एका म्हाताऱ्याचं डोकं. त्याच्या डोक्यातून एक पान गळलं तं? खोकला आला तं? त्या दिवसापासून मी वाक्य ऐकत नव्हतो, वाक्य बंद होते का, ते ऐकत होतो.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, भेव काही गेला नाही. बांधीत धानाचा रोवणा चालू असताना चिखलात उभा राहून मी दचको. झोपेत एकच सपन पडे. मी स्टेजवर आहे, उजवा कान लावून आहे, अन् तिकडून काहीच येत नाही. लोकं वाट पाहून राहिले आहेत. बायको हलवून उठवे, "कायले घुघू करून राहिले?" मी म्हणो, "काही नाही, पाणी दे."

मंग दिवाळीच्या आधी घरचे धान भरडाले तुमसरले मिलवर गेलो. बाहेर टपरीवर आमचा मालक जागेश्वर भेटला. त्याचीच कंपनी. यावर्षीच्या तारखा सांगत होता, पहिलीच बपेऱ्याच्या मंडईची, अन् तिथल्या लोकायनं ‘बंद दाराआड बाप’च पायजे म्हटलं होतं. "टेकचंदभाऊ, तुमच्या त्या भाषणासाठी," जागेश्वर म्हणाला. मले घाम फुटला. अन् माया तोंडून निघून गेलं, "जागेश्वर, बुधरामभाऊले दिसत नाही. तीन वर्षांपासून दिसत नाही. माहं नाव नको घेजो."

निघून गेलं म्हणतो, पण ते खोटं आहे. मी टपरीवर बसलो तवाच माया मनात होतं. सांगतलो अन् मोकळा झालो, डोक्यावरचा भारा उतरल्यावानी वाटलं. दोन कप चहा पेलो. धान घेऊन घरी आलो अन् त्या राती मस्त झोपलो. हे मी लपवत नाही.

जागेश्वरनं निकेश नावाचा नवा प्रॉम्टर आणला. चोवीस वर्षाचा, बी.ए. झालेला, नजर घारीची. बुधरामभाऊले फोन करून सांगतलं, "भाऊ, डोळ्याचं आम्हाले समजलं. तुम्ही आता आराम करा." त्यानंतर बुधरामभाऊचा मले दोनदा फोन आला. मी मोबाइलकडं पाहात राहिलो, उचललो नाही.

बपेऱ्याले मंडई जोरात होती. पाळणे, जिलेबीची दुकानं, दंडारीचा नाच, आजूबाजूच्या गावातले पाहुणे, मध्य प्रदेशातूनही लोकं उतरले होते. पेंडालात आम्ही रंग लावत होतो तं कामिनी बाजूले येऊन बसली. म्हणे, "काका, बुधराममामाले म्या तीन दिवसांपासून फोन करून राहिली. परवा त्यायची सून म्हणे, मामा तुमच्याशी बोलत नाहीत. माहं काय चुकलं?"

मी म्हटलो, "म्हातारा माणूस, त्याचं काय घेऊन बसली?" अन् भिवया काढाले आरशाकडं वळलो. भिवई वाकडी आली. पुसून दुसऱ्यांदा काढलो, तीही वाकडीच.

तिसरी घंटा झाली. मी उजवा कान विंगेकडं करून उभा राहिलो. निकेशचा आवाज आला, साफ, खणखणीत, जसं पुस्तकात तसं. पहिला अंक पार पडला, दुसरा पार पडला. कुठं अडलं नाही. रडाच्या जागी पोरगं बातम्या वाचल्यावानी वाचे, पण म्हटलो चालते, वाक्य तं येऊन राहिलं. मधल्या टाइमात जागेश्वर म्हणाला, "पाहा, उगाच घाबरत होते." मीही मनात म्हटलो, बरं केलं आपण. बुधरामभाऊले आराम, आपल्याले आराम.

शेवटला अंक. दाराचा सेट लागला. कामिनी आत गेली, कडीचा आवाज झाला. मी दारापाशी आलो अन् समोरून शिट्ट्या सुरू झाल्या. चार हजार लोकं. म्हाताऱ्या बाया पोते अंथरून पुढं बसलेल्या, पोट्टे मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे. सारे एकदम चूप झाले, अन् मी कान लावलो.

निकेश म्हणाला, "क्षमा कर पोरी."

मी म्हटलो, "क्षमा कर पोरी!" अन् दारावर डोकं टेकवलो.

मंग काहीच आलं नाही.

मी थांबलो. बुधरामभाऊही इथं थांबत, थोडंसं. म्हटलो येईन आता. आलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेत पाहिलो तं निकेश पुस्तक मिटवून बसला होता अन् पडदेवाल्याले हातानं इशारा करत होता. पडदेवाला त्याच्याकडं पाहून मान हलवे, नाही म्हणे. त्यालेही माहीत होतं का अजून भाषण बाकी आहे. आर्गनवाल्यानं सूर धरला, सोडला, वापस धरला.

सपनातलं तेच, पण आता उठवाले बायको नव्हती. मी दाराले धरलो. डोक्यात एक अक्षर नाही. हमाल जे वाक्य म्हणे तेही नाही. कानात नुसता घूं आवाज. तीस वर्षं नट म्हणून फिरलो, हार घातले, सत्कार घेतले, अन् आत पाहिलो तं आत कोणीच नव्हतं. आता साऱ्यायले समजते, एवढंच डोक्यात येत होतं. आता समजते, आता समजते.

दाराच्या आतून कामिनी हळूच म्हणाली, "काका, बोला ना." तिले तरी कुठं पाठ होतं.

मागून एक पोट्टं ओरडलं, "ओ टेकचंदभाऊ, झोपले का?" हशा पिकला. मी डोळे मिटून घेतलो. वाटलं इथंच मरून जावं, नाटकातली पोरगी मरते तं मीही मरतो.

तवा अगदी पुढून, पोत्यावरून, एका म्हातारीचा आवाज आला. ओरडली नाही ती. लेकराले शिकवल्यावानी म्हणाली, "पोरी, मले भेव लागते वं."

मी ते धरलो. बुडणाऱ्यानं हात धरावा तसं. "पोरी, मले भेव लागते वं."

म्हातारी पुढं बोलली, अन् तिच्या बाजूची बोलली, मंग मागची रांग. "तू लहानी होती तवा रातच्यानं उठे अन् म्हणे, बाबा, अंधार हाये." मी त्यायच्या मागं मागं म्हटलो. "मी तुया उशाशी बसो. तू निजे, मंग मी उठो." आता ट्रॉलीवरचे पोट्टेही बोलत होते. साऱ्या मंडईले पाठ होतं, एक मीच होतो ज्याले नव्हतं. "आता माया भोवताल अंधार हाये वं माय. कडी काढ. माया उशाशी कोन बसन?"

पडदा पडला. शिट्ट्या, टाळ्या, फटाके. जागेश्वर धावत आला अन् मले मिठी मारली. "काय डोकं आहे हो तुमचं! पब्लिकच्या तोंडून बोलवलं! रोज असंच कराचं!" मी दाराले धरूनच उभा होतो. तो समजला का मी भूमिकेतून बाहेर आलो नाही.

निकेशजवळून पुस्तक घेतलो अन् शेवटलं पान पाहिलो. त्यात एवढंच होतं. क्षमा कर पोरी. दादासाहेब दारावर डोके टेकतो. पडदा. बाकी कोरं. निकेश बिचारा घाबरून म्हणाला, "काका, पुस्तकात नाहीच. मी मोबाइलवरून उतरवून घेतो, परवापासून बरोबर देतो." देईन तो. पण मी त्याच्याकडं पाहून वेगळाच विचार करत होतो. ज्या भाषणासाठी लोकं मले ओळखतात ते लेखकाचं नव्हतं अन् माहं तं नव्हतंच. ते बुधरामभाऊचं होतं. मंग आणखी काय काय त्यायचं होतं? मी कुठून सुरू होतो?

सकाळी पहिल्या एस.टी.नं तुमसरले आलो, तिथून दुसरी गाडी, अन् मंग तलावाच्या पारेवरून पायी. बुधरामभाऊ अंगणात बाजेवर बसून जाळं सांधत होते. बोटानं चाचपत भोक शोधत, सुई घालत. माया पायाचा आवाज झाला तसा हात थांबला.

"कोन होय?"

"मी, टेकचंद."

"आवाज बसला तुहा. रातच्यानं नाटक होतं वाट्टे?" तोंड खुललं त्यायचं. "बस. नंदिनी, टेकचंदभाऊ आले वं, च्या ठेव."

आतून सून "हो जी" म्हणाली. मी बाजेच्या कोरेवर टेकलो. काहून फोन उचलला नाही, असं त्यायनं विचारलंच नाही. मले वाटलं विचारलं असतं तं बरं झालं असतं.

मी बपेऱ्याचं सारं सांगतलो. म्हातारीचं सांगतलो तं ते एवढे हासले का खोकला लागला. डोळ्यातून पाणी आलं, ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं. "सारी मंडई? पोट्टेही? वा रे बपेरा!"

मले त्या हासण्याचा राग आला. मी म्हटलो, "तुमाले हासू येते, भाऊ, माहा तिथं जीव जात होता. आपल्या मनचं भाषण कायले घातलं तुम्ही माया तोंडात? पुस्तकात जे आहे ते देलं असतं, मी तेच बोललो असतो. आता मी ते कुठून आणू? सारं तुमचं होतं अन् मी माहं म्हणून मिरवलो."

बुधरामभाऊनं सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"मी घातलो?" ते म्हणाले. "तुले खरंच काही आठवत नाही?"

"काय आठवाचं?"

"आठ वर्षं झाली. पहिला खेळ होता त्या नाटकाचा. हवा सुटली अन् शेवटलं पान उडालं. बल्बही गेला. मी खाली गुडघ्यावर बसून अंधारात पान चाचपून राहिलो. तवा दिसे मले, पन अंधारात काय दिसते? तू दारापाशी उभा. मी म्हटलो, गेलं नाटक, आता लोकं गोटे मारतात. अन् तू बोलाले लागला. आपल्या बोलीत. पोरी, मले भेव लागते वं. मी तिथंच गुडघ्यावर बसून ऐकलो, पान शोधाचं सोडून."

मी त्यायच्या तोंडाकडं पाहात होतो. मले काहीच आठवत नव्हतं. हवा आठवत होती. भेव आठवत होता, तो तं प्रत्येक खेळाचा आठवते.

"खाली उतरून तू मले विचारला, भाऊ, आज जमलं का? मी समजलो का याले काही ठाव नाही. याले वाटते मीच सांगतलो. मंग गाडीत बसून घरी येईपर्यंत घोकलो. वाया जाऊ द्याचं नव्हतं. दुसऱ्या खेळाले तुले तेच वापस देलो. पान मंग सापडलं, त्यात दीडच ओळ होती, ते मी पुस्तकात खोचून ठेवलो."

"मंग सांगतलं काहून नाही? आठ वर्षं?"

"सांगतलं असतं तं तू घाबरला असता. आवाज मांगून येते असं वाटते म्हनून तू उभा राहते, टेकचंद. मी तुले ओळखतो नं. तुहंच होतं ते. मी फक्त सांभाळून ठेवलो."

मले काय वाटलं ते कसं सांगू? खुशी झाली पायजे होती. एवढ्या वर्षांनी कोणी सांगते का बाबा, आत कोणी आहे, तूच आहे. पण खुशी नाही झाली. ज्या माणसानं माहं भाषण आंधळा होऊनही सांभाळून ठेवलं, त्याचं एक वाक्य मले वर्षभरही सांभाळता आलं नाही.

बुधरामभाऊनं सुई वापस हातात घेतली. "जाऊ दे. आता तो पोट्टा देईन. चांगला आहे म्हनतात." दोन टाके घातले अन् एकदम आवाज बदलला. "पन त्या कामिनीले मी माफ नाही करनार. शंकरपटात च्या देऊन गेली, तिनंच उलटं पुस्तक पाहलं असन. तिनंच जागेश्वरच्या कानात घातलं. पोरीवानी पाहलो मी तिले. फोन करते आता! नंदिनीले म्हटलो, सांग तिले, मी बोलत नाही म्हनून. पुन्हा दारात आली तं पान्याचा गिलासही देऊ नको."

नंदिनी चहाचे कप घेऊन दारात आली होती. "म्या तं तसंच सांगतली, मामाजी," ती म्हणाली.

मी पारेच्या वाटेकडं पाहिलो.

इथं एक आंधळा माणूस, एक सून अन् दोन कोंबड्या होत्या, अन् बपेऱ्यापेक्षा जास्त भेव लागून राहिला होता. उठून निघून जाता येत होतं. एस.टी. अर्ध्या तासात होती. कोणाले कधी समजलं नसतं. कामिनी चार दिवस रडली असती अन् विसरली असती. मी तेही हिशेब करून पाहिलो.

"काय झालं?" बुधरामभाऊ म्हणाले. माया श्वासावरून त्यायले समजते मी कुठं अडलो, सव्वीस वर्षांची ओळख आहे. "बोल नं."

"मी," मी म्हटलो.

"तू काय?"

"मी सांगतलो जागेश्वरले. तुमसरले, मिलपाशी. कामिनीले काही ठाव नाही. ती तं रडून राहिली बिचारी. मी सांगतलो, भाऊ. मले भेव लागला." एवढं मी इतक्या हळू म्हटलो का मलेच धड ऐकू आलं नाही.

बुधरामभाऊचं बोट जाळ्याच्या एका भोकात होतं. ते तिथंच राहिलं. चेहऱ्यावर राग आला असता तं मी पाया पडलो असतो, पण तिथं काहीच नव्हतं. स्टुलावर बसून पुढल्या वाक्याची वाट पाहत तसे ते बसले होते. मंग त्यायनं दाराकडं मान केली, जिथं नंदिनी कप धरून उभी होती, अन् मंग माया बाजूले.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "मांगं उभ्या असलेल्याले ऐकू नाही गेलं."

मी बाजेवरून उठलो, अंगणात सरळ उभा राहिलो, अन् मोठ्यानं बोललो.